पत्ता आपला नसेल तर ब्लॉग कुणाचा?

‘ब्लॉगचा जमाना गेला. विद्यार्थी इन्स्टाग्रामवर आहेत, पालक व्हॉट्सॲपवर, प्राध्यापक लिंक्डइनवर. मग स्वतःचा सर्व्हर, स्वतःचं सॉफ्टवेअर आणि वर ते सांभाळायला माणूस, हा उपद्व्याप विद्यापीठाने कशाला करायचा?’ गाझियाबादच्या एका महाविद्यालयात संगणक समितीवर काम करताना हा युक्तिवाद माझ्यापुढे रीतसर टिपणाच्या रूपात आला. टिपण एका जाहिरात एजन्सीने केलं होतं, वरिष्ठांचा त्याला पाठिंबा होता, आणि भाषा अशी की विरोध करणारा माणूस वीस वर्षं मागे राहिलाय असं सगळ्यांना वाटावं. नावं सांगण्यात अर्थ नाही. हेच टिपण थोड्याफार फरकाने मेरठ रोडवरच्या दुसऱ्या एखाद्या संस्थेत मिळेल, पुण्यात मिळेल, नागपुरातही मिळेल. म्हणून उत्तर टिपणाला देतो, माणसांना नाही.

‘ब्लॉग कुणी वाचत नाही’ हे त्यातलं पहिलं विधान. कुठला ब्लॉग? गाझियाबाद-नोएडा पट्ट्यातल्या संस्थांच्या संकेतस्थळांवर ‘ब्लॉग’ या बटणावर टिचकी मारून पाहा. ‘गाझियाबादमधली सर्वोत्तम १० बीटेक महाविद्यालयं’ असा लेख दिसेल, पहिल्या क्रमांकावर तीच संस्था असेल, आणि लेखकाच्या नावाच्या जागी ‘ॲडमिन’. त्याच्याखाली ‘बारावीनंतर काय?’, त्याच्याखाली ‘कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या करिअरच्या संधी’. हे लिहिलेलंच असतं गूगलच्या शोधयंत्रासाठी, प्रवेशाच्या हंगामात वर दिसावं म्हणून. ते माणसं वाचत नाहीत यात नवल काय? महामार्गावरच्या ‘१०० टक्के प्लेसमेंट’च्या फलकांचा हा संगणकीय भाऊ आहे. त्याचं वाचन मोजून विद्यापीठाच्या लेखनाचं भवितव्य ठरवणं हा मूळ घोटाळा. आणि तो ब्लॉग लिहिणारी एजन्सीच आज सांगते आहे की ब्लॉग चालत नाहीत.

आता याच शहरात विद्यापीठाने काय लिहायला हवं होतं ते बघू. आयक्यूएअर या संस्थेच्या २०१९च्या अहवालात गाझियाबाद जगातलं सर्वांत प्रदूषित शहर ठरलं. पीएम २.५ची वार्षिक सरासरी होती घनमीटरमागे ११०.२ मायक्रोग्रॅम. शहरातून हिंडन वाहते. तिच्या पाण्याबद्दल बोलायला नको. इथे अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग लागली आहे, त्यांच्यात स्थापत्य आणि पर्यावरणाचे विभाग आहेत, दरवर्षी विद्यार्थ्यांचे प्रकल्प होतात. त्यातले काही हवेवर असतात, काही पाण्यावर, काही कचऱ्यावर. पण इंदिरापुरममधल्या एखाद्या आईला आपल्या दमेकरी पोराला सकाळी मैदानावर पाठवावं की नाही हे समजून घ्यायचं असेल, तर या सगळ्या संस्थांपैकी एकीच्याही पानावर, एखाद्या प्राध्यापकाने स्वतःच्या नावाने, समजेल अशा भाषेत लिहिलेला मजकूर तिला सहजी सापडत नाही. प्रकल्प अहवाल स्पायरल बाइंडिंग होऊन कपाटात जातात. शोधनिबंध पैसे भरून वाचायच्या नियतकालिकात जातात. मधली जागा रिकामी आहे. विद्यापीठाचा ब्लॉग या मधल्या जागेसाठी असतो.

ती जागा इन्स्टाग्राम भरून काढेल, असं टिपण म्हणतं. इन्स्टाग्रामवर हवेच्या आकड्यांचं एक रंगीत चित्र टाकता येतं, हे खरं. पण गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात टाकलेलं चित्र या नोव्हेंबरात शोधून दाखवा. त्यावर एखाद्याने शंका काढली तर तिला दिलेलं उत्तर कुठे राहतं? दुसऱ्या अभ्यासकाला संदर्भ म्हणून ते कसं देता येईल? आणि मजकूर चित्रात कोंबला की अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला त्यात काही वाचायला मिळत नाही. तिथे वेगळं वर्णन लिहायचे कष्ट क्वचितच कुणी घेतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. परीक्षेच्या सूचनासुद्धा फोटो काढून टाकणाऱ्या आपल्या संस्थांना त्याची आठवण मूल्यांकन समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात होते. इन्स्टाग्राम वापरू नका असं माझं म्हणणं नाही. तिथे हाक मारावी आणि माणसाला आपल्या पानावर आणावं. हाकेलाच मुक्काम समजणं चुकीचं.

पुढचा मुद्दा पैशांचा. ‘फुकट व्यासपीठं उपलब्ध असताना खर्च का?’

जिओसिटीज फुकट होतं. याहूने ते २००९मध्ये बंद केलं. पोस्टरस फुकट होतं, वापरायला सुंदर होतं. ट्विटरने ते २०१२मध्ये विकत घेतलं आणि एप्रिल २०१३मध्ये मिटवलं. गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये गेलं. याहू ग्रुप्सवरचा साठा २०१९च्या अखेरीपासून पुसायला घेतला आणि डिसेंबर २०२०मध्ये दुकानच बंद झालं. ज्यांची वर्षानुवर्षांची पत्रं आणि चर्चा त्या ग्रुप्सवर होत्या, त्यांना ते आपलं दप्तर वाटत होतं. मुदतीत ज्यांनी उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. यात कुठलीही कंपनी लबाड नव्हती. तिच्या हिशेबात ते बसेना, तिने बंद केलं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मालकाचा राग करून चालत नाही, पण सातबारा त्या खोलीच्या पत्त्यावर काढू नये एवढं तरी कळायला हवं.

हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणेल, म्हणून विद्यापीठांनी स्वतः अनुभवलेलं ताजं उदाहरण घ्या. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण फुकट दिली होती. जगभरच्या विद्यापीठांनी त्या भरवशावर आपले सर्व्हर मोडीत काढले. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे एका संस्थेला सगळ्यांत मिळून १०० टेराबाइट. जुन्या ग्राहकांना जुलै २०२२पासून हे लागू झालं. १०० टेराबाइट छोट्या महाविद्यालयाला पुरतात. मोठ्या विद्यापीठांत मात्र प्राध्यापकांना पत्रं गेली की आपापला पसारा आवरा. ‘फुकट’ या शब्दामागे ‘तूर्तास’ हा शब्द असतो आणि तो मोठ्याने कुणी वाचत नाही.

बाहेरच्या कंपन्यांना बोल लावताना आपल्या घरचं लपवणं बरं नाही, म्हणून पुढचं उदाहरण उत्तर प्रदेशचंच. गाझियाबादची अभियांत्रिकी महाविद्यालयं ज्या तंत्रविद्यापीठाला जोडलेली आहेत ते २०००मध्ये उत्तर प्रदेश तंत्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं. २०१०मध्ये त्याचे दोन तुकडे झाले: लखनौला गौतम बुद्ध तंत्र विद्यापीठ आणि नोएडाला महामाया तंत्र विद्यापीठ. गाझियाबाद महामायाकडे गेलं. २०१३मध्ये दोन्ही पुन्हा एक होऊन जुनं नाव परत आलं. २०१५मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं नाव दिलं गेलं. यूपीटीयू, जीबीटीयू, एमटीयू, एकेटीयू: पंधरा वर्षांत चार आद्याक्षरं, आणि प्रत्येकाचं वेगळं संकेतस्थळ. २०११मध्ये प्रवेश घेऊन २०१५मध्ये बाहेर पडलेल्या मुलाने एकाच पदवीसाठी किती पत्त्यांवर निकाल पाहिले असतील! त्या प्रत्येक स्थलांतरात परिपत्रकं, अभ्यासक्रम, जुने पेपर यांचे दुवे तुटले. सरकार बदललं की नाव बदलणार, ते आपल्या हातात नाही. जुना पत्ता चालू ठेवून तिथून नव्याकडे वाट काढून देणं मात्र संगणक विभागाच्या हातात असतं, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

महाराष्ट्रात हे काही ठिकाणी शहाणपणाने झालं आहे, मुद्दाम की आळसाने ते सोडून देऊ. पुणे विद्यापीठ २०१४मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, पण पत्ता ‘युनिपुणे’ हाच राहिला. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, पत्ता ‘एनएमयू’च राहिला. नाव गौरवासाठी असतं, ते बदलावं. पत्ता सापडण्यासाठी असतो. व्यासपीठ निवडणाऱ्या समितीने सॉफ्टवेअरची नावं काढण्याआधी हे लिहून घ्यायला हवं की ब्लॉगचा पत्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या ‘एसी डॉट इन’खाली असेल, तो असे पत्ते नोंदणाऱ्या अर्नेट इंडियाकडे संस्थेच्याच नावाने नोंदलेला असेल, आणि नूतनीकरणाचा ओटीपी कुणा कंत्राटी कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर जाणार नाही. हसू नका. नोकरी सोडून गुरुग्रामला गेलेल्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत फोन करून ओटीपी मागण्याची वेळ आलेली मी जवळून पाहिली आहे. तो मुलगा सज्जन होता, त्याने दिला.

टिपणात ज्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता अशी गोष्ट आता सांगतो. व्यासपीठ निवडताना आपली लिपी चालते का हे कुणी तपासत नाही. ‘युनिकोड चालतं’ एवढ्या उत्तरावर भागवतात. गूगलच्या ब्लॉगरवर देवनागरी मथळा द्या आणि पत्ता हाताने घातला नाहीत, तर लेखाचा पत्ता बनतो ‘ब्लॉग-पोस्ट’, पुढच्याचा ‘ब्लॉग-पोस्ट-अमुक’. हजारो मराठी आणि हिंदी लेख अशा बिनचेहऱ्याच्या पत्त्यांवर पडून आहेत. वर्डप्रेस याच्या उलट वागतं: मथळ्यातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, पत्त्यात नऊ रोमन चिन्हांत बदलतं, आणि पत्त्याला मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं. ‘हिंडन नदीच्या पाण्यातील जड धातूंचे प्रमाण’ असा मथळा दिला तर पत्त्यात ‘हिंडन-नदीच्या-पाण्यातील’ एवढंच उरतं. नेमके जड धातू गळून पडतात. वर तो पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची एवढी मोठी शेपटी होते की पाहणाऱ्याला विषाणूचा दुवा वाटतो. उपाय सोपा आहे: पत्ता आखूड, रोमन किंवा आकडी, आणि तो लेख प्रसिद्ध होण्याआधी ठरवलेला. पण हे कुणाला तरी माहीत असावं लागतं, नियमात लिहावं लागतं. एजन्सीचा माणूस इंग्रजी मथळे टाकतो. त्याला ही अडचण कधी आलेलीच नसते.

ज्यांना ही बारीकसारीक तक्रार वाटते त्यांनी आपल्या जुन्या मराठी संकेतस्थळांचं काय झालं ते आठवावं. शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत टाकलेला मजकूर आज उघडला तर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर हरवला नाही, तो आहे, आणि तरी वाचता येत नाही. तेव्हाही ‘चालतंय ना स्क्रीनवर’ हाच निकष होता. शोधता येतं का, दुसरीकडे नेता येतं का, दहा वर्षांनी उघडेल का, हे प्रश्न विचारणारा माणूस तेव्हाही किचकटच ठरला असेल.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. स्वतःचं चालवलं की हॅक होतं. हे मी नाकारणार नाही. भारतातल्या कितीतरी सरकारी आणि शैक्षणिक संकेतस्थळांच्या पोटात सट्ट्याच्या आणि जुगाराच्या जाहिरातींची पानं घुसवलेली सापडली आहेत. वर संस्थेचं बोधचिन्ह, खाली ऑनलाइन रमी. ‘एसी डॉट इन’ आणि ‘गव्ह डॉट इन’ या पत्त्यांवर शोधयंत्रांचा विश्वास असतो, म्हणूनच भामट्यांना ते हवे असतात. पण हे घडतं कसं तेही बघा. एका विभागाने महोत्सवासाठी वर्डप्रेस चढवलं, दुसऱ्याने परिषदेसाठी, तिसऱ्याने माजी विद्यार्थ्यांसाठी. कार्यक्रम झाले, मुलं पास होऊन गेली, परवलीचे शब्द त्यांच्याबरोबर गेले, आणि अद्ययावत न केलेली प्लगइनं तशीच उघडी राहिली. रोग सॉफ्टवेअरचा नाही, बेवारशीपणाचा आहे. त्यावर उपाय सगळ्या विभागांसाठी एकच व्यवस्था. वर्डप्रेसमध्ये २०१०पासून एका उभारणीवर अनेक स्थळं चालवायची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे. प्लगइनांची यादी छोटी, ती घालायचा अधिकार एकाकडे, बॅकअप दुसऱ्या इमारतीत, आणि कार्यक्रम संपला की त्याचं स्थळ साध्या गोठवलेल्या पानांत बदलून टाकायचं, म्हणजे फोडायला काही उरतच नाही.

शिवाय बाहेर गेल्याने जबाबदारी टळते हा भ्रम आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनी कंपन्यांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत सर्वांना सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला आणि १८० दिवसांच्या लॉग नोंदी ठेवायला सांगितलं आहे. तुमचा ब्लॉग एखाद्या परदेशी कंपनीच्या फुकट खात्यावर असेल तर लॉग मागणार कुणाकडे? तिच्या मदत कक्षातला यांत्रिक संवादक ‘आपल्या समस्येबद्दल दिलगीर आहोत’ म्हणेल. बाहेरचा कंत्राटदार नेमला म्हणजे काम झालं, या समजुतीची किंमत मुंबई विद्यापीठाने २०१७मध्ये मोजली आहे. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायचा निर्णय ऐन परीक्षेच्या तोंडावर झाला, तपासणाऱ्या प्राध्यापकांची तयारी नव्हती, ३१ जुलैची मुदत टळली, मुलांचे परदेशातले प्रवेश लोंबकळले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. कंत्राटदार कंपनीचं नाव आज किती जणांना आठवतं? विद्यापीठाचं आठवतं. परीक्षेच्या मानाने ब्लॉग किरकोळ बाब आहे, कबूल. पण व्यवस्था विकत घेताना ती चालवणारी माणसं तयार आहेत का हे न पाहण्याची खोड दोन्हीकडे एकच.

मग कुठलं सॉफ्टवेअर? माझा यात अजिबात हट्ट नाही, आणि याच प्रश्नावर बैठकांचे तासन् तास जातात याचं वाईट वाटतं. वर्डप्रेस घ्या, ड्रुपल घ्या, घोस्ट घ्या. मुक्त परवाना असावा आणि सगळा मजकूर, चित्रं, प्रतिक्रिया, लेखकांची नावं एकगठ्ठा बाहेर काढता यावीत, एवढ्या दोन अटी पाळा. पहिल्या अटीचं महत्त्व २००४मध्ये कळलं होतं. तेव्हा मूव्हेबल टाइप हे ब्लॉगचं आघाडीचं सॉफ्टवेअर होतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच्या मालकांनी परवाना नि दर बदलले, आणि संतापलेले लोक वर्षभराच्या वर्डप्रेसकडे वळले. आता वर्डप्रेसही संत नाही. २०२४च्या सप्टेंबरात त्याचे संस्थापक आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांना वर्डप्रेसच्या मध्यवर्ती साठ्यातून प्लगइनांची सुधारित आवृत्ती मिळेनाशी झाली. भांडण दोघांचं, अडकले ग्राहक. पण मुक्त परवान्यामुळे एवढं तरी राहतं की उद्या मूळ मंडळी वेडी झाली तरी आज तुमच्या हातात असलेली प्रत कुणी काढून घेऊ शकत नाही. एजन्सीच्या ‘खास विकसित’ व्यवस्थेबद्दल असं म्हणता येईल का, हे मी समितीत विचारलं. उत्तर आलं की असा प्रश्न आजवर कुठल्या ग्राहकाने विचारला नव्हता.

खरा वाद सॉफ्टवेअरच्या पुढे सुरू होतो. ब्लॉग कुणाच्या ताब्यात द्यायचा? टिपण म्हणतं जनसंपर्क विभागाच्या, अर्थातच, कारण एजन्सीचं बिल तोच विभाग मंजूर करतो. मी म्हणतो ग्रंथालयाच्या. हे काही माझं नवं खूळ नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने २००४मध्ये विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी ब्लॉगसेवा सुरू केली ती ग्रंथालयानेच. त्याच्या आदल्या वर्षी हार्वर्डच्या कायदा विद्यालयातल्या बर्कमन केंद्राने असंच व्यासपीठ उघडलं होतं. तेही जाहिरात खात्याने नव्हे. व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन या लहानशा विद्यापीठाने २००७मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना ब्लॉग दिले आणि पुढे प्रत्येकाला स्वतःचं डोमेन द्यायचा कार्यक्रमच काढला; अभ्यासक्रम संपला की विद्यार्थ्याने आपलं लेखन बरोबर घेऊन जावं, ही त्यामागची भूमिका. जनसंपर्काला आजचं छापून हवं असतं, ग्रंथपालाला पंधरा वर्षांपूर्वीचं सापडायला हवं असतं. विषयवार नोंद, लेखकाच्या नावाचं एकच रूप, दुवे तुटले का ते पाहणं, ही कामं ग्रंथपालाच्या शिक्षणातच आहेत. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाला पुस्तकांच्या कपाटांचा चौकीदार करून ठेवलं आहे, आणि मूल्यांकनाची फाइल भरायची वेळ आली की त्यालाच रात्री थांबवून घेतात.

‘माणूस कुठून आणायचा’ या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. एक पूर्णवेळ, पगारी, कायम माणूस ग्रंथालयात आणि त्याला संगणक विभागाची तांत्रिक साथ. महाग? महामार्गावरच्या फलकांचं भाडं आणि एजन्सीची मासिक बिलं एका कागदावर मांडा, शेजारी या माणसाचा पगार लिहा, आणि वित्त अधिकाऱ्यालाच बेरीज करू द्या.

या सगळ्याला गाझियाबादेतच एक चपखल जागा आहे, आणि मराठी वाचकाचा तिच्याशी थेट संबंध आहे. कमला नेहरू नगरात वैज्ञानिक आणि नवोन्मेषी संशोधन अकादमीचं, म्हणजे ‘एसीएसआयआर’चं मुख्यालय आहे. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था. तिचे वर्ग आणि प्रयोगशाळा देशभरच्या सीएसआयआर संस्थांत विखुरलेल्या आहेत. पुण्याच्या एनसीएलमध्ये, नागपूरच्या नीरीमध्ये, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पीएचडी करणारी कितीतरी मराठी आणि कोकणी मुलं या गाझियाबादच्या अकादमीचे विद्यार्थी आहेत. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या या मुलांना एकत्र आणणारी भिंतच नाही. आवार नाही, कट्टा नाही. अशा विद्यापीठाला सामायिक ब्लॉग ही चैन नव्हे. हवेवर काम करणाऱ्या नीरीतल्या मुलीने मराठीत लिहावं, त्याचा हिंदी तर्जुमा गाझियाबादच्या वाचकाने वाचावा, दोन्ही एका पत्त्यावर असावेत. यासाठी लागणारं तंत्रज्ञान वीस वर्षं जुनं आहे.

‘पण कुणी काहीही लिहील!’ प्रत्येक बैठकीत हे वाक्य शेवटच्या चहाबरोबर येतं, आणि मग ठराव होतो की प्रत्येक लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी वरिष्ठांची मंजुरी घ्यावी. या मंजुरीने ब्लॉग मरतो हे उघड आहे. तीन आठवडे कुलसचिवांच्या टेबलावर पडलेला लेख लिहिणारा माणूस दुसरा लेख लिहीत नाही. पण ज्यांना फक्त धोका दिसतो त्यांच्यासाठी कायद्याचा मुद्दा मांडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ने मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्याला, जे संरक्षण दिलं आहे, त्याची एक अट अशी की त्याने मजकूर निवडू किंवा बदलू नये. श्रेया सिंघल खटल्यात २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आल्यावर मजकूर काढण्याची जबाबदारी येते, कुणीही तक्रार केली म्हणून नव्हे. स्वतःच्या नोकरांच्या लेखनाबाबत विद्यापीठ मध्यस्थ ठरतं का, यावर वकील भांडतील, भांडू देत. पण ज्या विद्यापीठाने प्रत्येक ओळ वाचून, दुरुस्त करून, सहीशिक्क्याने प्रसिद्ध केली आहे, त्याला ‘हे आमचं मत नव्हे’ असं म्हणायची सोय सर्वांत कमी राहते. मंजुरीच्या शिक्क्याने धोका आपण अंगावर ओढून घेतो.

नियम वादळ येण्याआधी लिहावे लागतात. दिल्लीच्या दुसऱ्या अंगाला, सोनीपतच्या अशोका विद्यापीठात २०२३मध्ये लोकसभा निवडणुकीवरच्या एका अभ्यासनिबंधावरून गदारोळ उठला. विद्यापीठाने जाहीर निवेदन काढून स्वतःला त्या मांडणीपासून दूर केलं, आणि पुढे त्या प्राध्यापकाने राजीनामा दिला. निबंध बरोबर की चूक हा इथे प्रश्न नाही. संस्था आणि लेखक यांचं नातं काय हे आधी ठरलेलं नसलं की ते ऐन गर्दीत, घाईने, आणि बहुधा लेखकाच्या विरुद्ध ठरतं. म्हणून ब्लॉगच्या पहिल्या पानावर असावं: लेख लेखकाचा, हक्क लेखकाचा, नोकरी सोडल्यावरही लेख जागेवर राहील, नाव राहील.

राहता राहिला वसतिगृहातल्या मेसच्या पाण्यावर लिहिणारा विद्यार्थी. त्याचीच सगळ्यांना धास्ती. त्याला लिहू द्यावं. लेखात सहविद्यार्थ्याचा फोन नंबर, जात, आजार, मुलीचा फोटो असलं काही असेल तर तेवढं ताबडतोब काढावं, आणि काढल्याची नोंद तिथेच ठेवावी. बाकी मजकूर चुकीचा असेल तर त्याच्या खाली वसतिगृहप्रमुखांनी आपल्या नावाने उत्तर लिहावं, पाण्याच्या तपासणीचा अहवाल जोडावा, तारीख घालावी. मजकूर बरोबर असेल तर आधी टाकी धुऊन घ्यावी आणि मग उत्तर लिहावं.